मांजर रात्री का उठवते?



पूर्वी सोलापूरला गिरणीचा भोंगा उठवी. जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली. आता ती नाही, भोंगाही नाही. आता यंत्रमागावरून दमून आलेल्या माणसाला पहाटे चारला घरचे मांजरच उठवते! डोळ्यांवर झोप घेऊन मागाजवळ उभे राहणे धोक्याचे.

मांजर काही खोडीने ओरडत नाही. ते दिवसा पुष्कळ झोपते. पहाट नि तिन्हीसांज ही त्याची शिकारीची वेळ. आपण काय करतो? कटकट नको म्हणून उठून दूध ओततो. ओरडले की दूध, एवढे मांजराला बरोबर कळते. (शाळेत रडून गूळ मिळवणारी पोरे आम्ही पुष्कळ पाहिली!)

निजण्यापूर्वी दोरीला चिंधी बांधून त्याला खेळवा, चांगले दमवा. मग खाऊ घाला. पहाटे ओरडले तरी उठू नका. आधी ते जास्तच ओरडेल. तिसऱ्या रात्री कंटाळून दूध दिलेत, तर तीन रात्री ओरडायचे असते, हे ते शिकेल. मारू मात्र नका. म्हातारे मांजर एकाएकी रात्री ओरडू लागले, तर ते आजारी असू शकते. त्याला गुरांच्या दवाखान्यात दाखवा.