रजिस्टर कुणाच्या हातात होतं?

(मोहने इथं युवकांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल. मॅट्रिक झालो आणि पाठीवर गोणी घेतली. मला सांगितलंय, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या अंडरवर्ल्डवर बोल. म्हणजे गुत्ते, जुगाराचे अड्डे, कुंटणखाने. पांढरपेशांना हे चवीनं चघळायला आवडतं. मी विचारतो, ही दुनिया खाली ढकलली कुणी?

कामाठीपुरा घ्या. नाव कुणाचं? तेलंगणातून पोट घेऊन आलेल्या कामाठ्यांचं. ह्या मजुरांनी मुंबई बांधली. आज ते नाव घेतलं की लोक गालात हसतात. मजुराच्या नावाची शिवी झाली!

मग आला १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा. मुंबईत १८७० ला लागू झाला, १८७२ ला थांबला, १८८० ला परत आला, १८८८ ला रद्द झाला. गोऱ्या सोल्जरला रोग होऊ नये म्हणून बाईचं नाव रजिस्टरात, बाईची तपासणी, बाईला इस्पितळात कोंडायचं. सोल्जर मोकळा. रोग दोघांचा, गुन्हा एकटीचा!

आता वरची दुनिया बघा. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मुंबईत पैसा धो धो आला. बॅकबेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीचा ५,००० चा शेअर ५०,००० वर गेला. १८६५ ला युद्ध संपलं, फुगा फुटला. बँका बुडाल्या, घरं बुडाली. इतिहास ह्याला ‘शेअर मॅनिया’ म्हणतो. शेठजींनी केलं ते वेड, भुकेल्यानं पाव उचलला ती चोरी!

१८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आधी उत्तरेत, पुढं १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही आला. पोर जन्मलं की गुन्हेगार. १९५२ ला कायदा गेला, शिक्का राहिला.

लांब कशाला? आपल्या शेजारची आंबिवलीची इराणी वस्ती. पेपरात येते ती बहुतेक चोरांची वस्ती म्हणूनच. चोरी केली त्याला धरा ना! पण तिथलं शाळेत जाणारं पोर उद्या काम मागायला गेलं, तर पत्ता सांगताना त्यानं मान का खाली घालायची? एकाचा गुन्हा अख्ख्या वस्तीच्या कपाळावर गोंदायची ही रीत जुनी आहे. आपल्या आज्यापणज्यांनी दुसऱ्या नावानं तीच भोगलीय.

तेव्हा दोस्तांनो, कुठल्याही वस्तीचं नाव ऐकून तोंड वाकडं करण्याआधी विचारा, रजिस्टर कुणाच्या हातात होतं? आणि त्यात कुणाचं नाव कधीच चढलं नाही?

जय भीम.