एकच चिंधी, बारा हात

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. दुपारची भांडी आवरून कोणी शेंगा फोडत असाल, कोणी तांदूळ निवडत असाल. हात चालू राहू द्या. आजचा विषय हातांचाच आहे.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही. गट उभा राहतो तो यावरच. पण पाच-सहा वर्षं झाली की बऱ्याच गटांत बैठक म्हणजे नुसता हप्ता होऊन जातो. एकीने पैसे मोजायचे, एकीने लिहायचं, बाकीच्यांनी सही करून घराकडे पळायचं. काहीजणी तर पोराच्या हाती पैसे पाठवतात. गट चालतो, पण भेट होत नाही. आणि भेट नसली की एखादीचा हप्ता चुकल्यावर तिची अडचण कुणाला ठाऊक नसते. मग राहतं ते फक्त भांडण.

म्हणून आज मी बैठकीसाठी एक खेळ सांगणार आहे. गोधडीचा खेळ.

या खेळाची कल्पना लांबून आलेली आहे. कॅनडा आणि अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावर बायका जुन्या कपड्यांपासून जाड बस्करं करतात. गोणपाट लाकडी चौकटीवर ताणायचं, जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि आकडीने त्या पट्ट्या गोणपाटातून वर ओढून छोटे छोटे फासे काढत जायचे. गोणपाट कुठलं? सामानाच्या रिकाम्या पोत्यांचं. आणि ती पोती ज्या तागाची, तो ताग पिकायचा आपल्या बंगालमध्ये. न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉर हा तिकडचा गरीब कोळ्यांचा मुलूख. १८९२ साली डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल तिथे पोचले आणि त्यांनी दवाखाने उभे केले. पुढे त्यांच्या संस्थेने बायकांची ही बस्करं विकायला सुरुवात केली. शहरातल्या बायकांचे फाटके रेशमी मोजे गोळा करून, रंगवून, त्यांचीसुद्धा बस्करं झाली. मासेमारी बंद असलेल्या हिवाळ्यात या कामातून घरात चार पैसे यायचे.

आज तिकडे अशा बायकांची मंडळं आहेत. मंडळ सभासदांना आव्हान देतं: सगळ्यांनी एकच कापड वापरा, किंवा एकाच विषयावर काम करा. महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्यांची कामं शेजारी शेजारी मांडून बघतात. आपण याला कोडं म्हणू. एकीने घालायचं, सगळ्यांनी सोडवायचं.

आपल्याकडे बस्कराच्या जागी गोधडी आहे. कोणी वाकळ म्हणतं, कोणी लेपाटं. धावदोरा घालता येत नाही अशी बाई आपल्यात विरळाच. तर आता चार कोडी सांगते.

पहिलं कोडं, एकच चिंधी. गटात एक जुनं लुगडं आणायचं. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड, बाराजणींना भरपूर पुरतं. प्रत्येकीला वीतभर तुकडा द्यायचा. घरच्या चिंध्या लावून प्रत्येकीने दीड फुटाचा चौकोन करायचा, पण तो वीतभर तुकडा त्यात कुठेतरी दिसला पाहिजे. एक त्याची पानं कापते, एक पट्ट्या करते, एक तो अख्खाच मधोमध बसवते. कापड तेच असलं तरी हात वेगळे आहेत, हे मांडल्यावर कळतं.

दुसरं कोडं, चिठ्ठीचे रंग. रंगांची नावं लिहून चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकीने तीन उचलायच्या आणि त्याच तीन रंगांत काम करायचं. आमच्या एका गटात एका ताईंना लाल, हिरवा आणि पिवळा निघाला. ताईंचे मालक दोन वर्षांपूर्वी गेलेत. कुणीतरी पटकन म्हणालं, "त्यांना दुसरी चिठ्ठी द्या." ताई म्हणाल्या, "चिठ्ठी माझी निघालीय, मीच शिवणार." कुणी पुढे बोललं नाही. त्यांनी शिवलं, आणि गटातला सगळ्यात उठून दिसणारा चौकोन तो होता. सांगायचं एवढंच, की चिठ्ठी बदलायची की नाही हे जिची आहे तिनेच ठरवायचं.

तिसरं कोडं, न लिहिता गोष्ट. विषय द्यायचा: विहीर, पहिला पाऊस, माहेरची वाट. चित्र हुबेहूब यायला नको. एका आजींनी माहेरची वाट म्हणून फक्त एक लांब पांढरी पट्टी लावली आणि तिच्या टोकाला लाल ठिपका. विचारलं तर म्हणाल्या, "एसटी." ज्यांना वहीत नाव लिहिताना हात कापतो, त्या या कोड्यात मोकळ्या होतात.

चौथं कोडं, हात बदल. प्रत्येकीने मधला तुकडा शिवून शेजारणीला द्यायचा. शेजारीण त्याला एक काठ जोडणार आणि पुढे देणार. चार हातांतून फिरून तो पहिलीकडे परत. हे सगळ्यात अवघड, कारण आपलं काम दुसरीच्या हाती सोपवायचं असतं. याचा एक नियम पक्का करा: दुसरीचा टाका उसवायचा नाही. वाकडा असला तरी नाही. नव्या सुनेचा टाका थोरल्या बाईने उसवला, की ती सून पुढच्या बैठकीला येत नाही.

कापडाबद्दल एक सूचना. हल्ली जुन्या साड्या बहुतेक सिंथेटिकच मिळतात. त्या सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत. वरच्या नक्षीला त्या चालतील, पण आतले थर आणि अस्तर सुतीच घ्या. बाळाचं दुपटं असेल तर सगळंच सुती. आणि कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर गोधडी पहिल्याच धुण्यात आकसते, कच्चा रंग शेजारच्या तुकड्याला लागतो.

बाकीचे नियम थोडकेच. नवीन कापड विकत आणायचं नाही, नाहीतर जिच्याकडे पैसा तिचं काम भारी दिसतं. मुदत एक महिना. नंबर काढायचे नाहीत. त्याऐवजी प्रत्येकीने दुसऱ्या एकीच्या कामातली आवडलेली एक गोष्ट सांगायची, आणि नेमकी सांगायची. "छान आहे" म्हटलेलं धरायचं नाही. "हा निळा काठ इथे का लावलास?" असं विचारलं की बोलणं सुरू होतं. त्यातूनच कळतं, की तो काठ आईच्या पातळाचा आहे, किंवा रात्री डोळे दुखतात म्हणून टाके मोठे पडलेत. मग चष्म्याचा विषय निघतो.

आता जरा जड गोष्ट. बारा चौकोन जोडले, तीन आडवे आणि चार उभे, की साडेचार बाय सहा फुटांची गोधडी होते. शिवणीसाठी प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी अर्धा इंच जादा ठेवा. गोधडी झाली की गिऱ्हाईक येतं, आणि तिथे गट फुटू शकतो.

एका गटात असंच झालं. शहरातल्या एका दुकानदाराने गोधडी मागितली. अकराजणी तयार, एक नाही. तिच्या चौकोनात वारलेल्या आईचं पातळ होतं. अकराजणी म्हणाल्या, एकीसाठी सगळ्यांचे पैसे बुडवायचे का? ती म्हणाली, पैशासाठी आई विकू का? दोघींचंही खरं होतं. शेवटी तिने आपला चौकोन काढून घेतला, गटाने तिथे दुसरा बसवला आणि गोधडी गेली. भांडण मिटलं, पण त्या गोधडीचा विषय निघाला की अजूनही दोन्हीकडच्या बायका गप्प होतात.

म्हणून सुई हातात घेण्याआधी ठरवा आणि ठराव वहीत लिहा: ही गोधडी विकायची की ठेवायची? विकायची असेल तर जे सोडवणार नाही ते कापड तिच्यात घालायचं नाही. ठेवायची असेल तर कुठे ठेवायची? दरवर्षी एकीच्या घरी, की गटातल्या बाळंतिणीला?

विकायची ठरली तर हिशेब मांडा. समजा एका चौकोनाला आठ तास लागले, तर बारा चौकोनांचा होतो बारा दिवसांचा रोज. २५० रुपये रोज धरला तर ३००० रुपये. जोडायला आणि अस्तर लावायला चार रोज, म्हणजे १०००. दोरा आणि अस्तराचे २००. झाले ४२००. दुकानदार २४०० म्हणाला तर हातात एकदम नोटा दिसतात, म्हणून बरे वाटतात. पण त्यातून आपण १८०० रुपयांची मजुरी त्याला फुकट दिलेली असते. "रिकाम्या वेळात केलंय" असं आपणच म्हणतो आणि भाव पाडतो. बायांनो, आपला वेळ रिकामा असतो का कधी?

पैसे वाटतानाही आधी दोऱ्याचा खर्च, मग जोडणाऱ्यांचा रोज आणि उरलेले बाराजणींत सारखे. कुणाचा चौकोन देखणा म्हणून जास्त नाही.

पुढच्या बैठकीला हप्त्याबरोबर घरातली एक धुतलेली सुती चिंधी आणा, आणि ज्या स्वतः येत नाहीत त्यांना मुद्दाम बोलवा. पोराच्या हाती हप्ता पाठवता येतो, चौकोन शिवायला मात्र स्वतःच बसावं लागतं. पहिलं कोडं कोण घालणार ते तिथेच ठरवा.