पाय मुरगळतो तो कां?
(आठवडी बाजाराच्या दिवशीं शाळेंत दिलेलें व्याख्यान)



बैल लंगडूं लागला तर आपण चार दिवस त्याला जुंपीत नाहीं. पण घरच्या माणसाचा पाय मुरगळला कीं हळद-तेल चोळावें आणि दुसऱ्या दिवशीं शेतांत जावें, ही आपली रीत. मींही तेंच केलें. बांधावरून उतरतांना माझा डावा पाय आंत वळला. एका जाणत्यानें पाऊल धरून हिसका दिला व सांधा बसला म्हणून सांगितलें. सांधा निखळलाच नव्हता. बाहेरच्या घोट्याचें हाड मोडलें होतें. दुखणें पांच महिने पुरलें.

एका पावलांत 26 हाडें असतात. पण घोट्याची रचना येथें बसलेल्या सुतारदादांना मजपेक्षां लवकर कळेल. नडगीचें जाड हाड आंतून आणि त्याच्या शेजारचें बारीक हाड बाहेरून खालीं उतरतें. त्यांचीं टोकें म्हणजेच हाताला लागणारे दोन घोटे. त्यांच्यामधल्या खाचेंत पावलाचें सर्वांत वरचें हाड, कुसूं बसावें तसें बसतें. हा सांधा बिजागरीसारखा. त्यानें पाऊल वर-खालीं होतें. उकिडवें बसून भांगलतांना नडगी पुढें झुकते ती याच सांध्यांत. ढेकळांतून चालतांना पाऊल आंत-बाहेर कलतें, तें मात्र त्याच्या खालीं, टांचेच्या हाडावरच्या सांध्यांत.

आतां खरी मेख ऐका. हें कुसूं पुढें रुंद व मागें निमुळतें आहे. चढावर पाऊल वर येतें, रुंद भाग खाचेंत दाटतो, सांधा पक्का होतो. उतारावर बोटें खालीं जातात, निमुळता भाग खाचेंत येतो आणि सांधा ढिला पडतो. त्यांत बाहेरचे बंध आंतल्यांहून कमजोर. म्हणून पाऊल बहुधा आंत वळतें व बाहेरचे बंध तुटतात. तुटलेला दोर हिसडल्यानें कोठें सांधतो?

हाड मोडलें कीं नाहीं, याची एक सोपी परीक्षा कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं 1992 सालीं प्रसिद्ध केली. दोहोंपैकीं कोणत्याही घोट्याच्या टोकाला किंवा मागच्या कडेला हाडावर दाबून दुखत असेल, अगर चार पावलेंही टाकवत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा आहे, तो दुखला तरी तेंच. लहान मुलांना, आणि मधुमेहानें ज्यांचे पाय बधिर झाले त्यांना, ही परीक्षा लावूं नये. त्यांना सरळ डॉक्टरकडे न्यावें.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस चोळूं नये, शेकूं नये. थंड पाण्याची घडी ठेवावी, पट्टा बांधावा, पाय उशीवर उंच ठेवावा. दुखणें उतरूं लागलें कीं पाऊल हळूहळू हालवावें. फार दिवस निजून राहिल्यास सांधा आखडतो. पुढें एका पायावर उभें राहण्याचा सराव करावा, म्हणजे तोच पाय पुन्हां मुरगळण्याचें भय कमी होतें. मी अजून रोज सकाळीं ओसरीच्या खांबाला हात लावून डाव्या पायावर उभा राहतों. पहिल्या महिन्यांत दहा आंकडेही मोजून होत नसत.