केळीचे सोपट

केळीचे खोड हे खरे खोड नसते. पानांचे रुंद देठ एकावर एक घट्ट गुंडाळले जातात आणि त्यांचाच बुंधा दिसतो. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. एक घड दिला की त्या झाडाचे काम संपते, कंदाला फुटलेले मुनवे पुढे वाढतात आणि मधला बुंधा वाडीतच राहतो. त्याचे बाहेरचे थर वाळून तपकिरी होतात आणि हाताने ओढले तरी लांबच लांब पट्टीने सुटून येतात. हे सोपट. एडवण, मथाणे, कोरे, दातिवरे, उसरणी, केळवे या किनारपट्टीच्या गावांत वाडीतले बांधाबांधीचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर चालत आले आहे.

कोरडे सोपट ठिसूळ असते, ओढले की तुटते. थोडा वेळ पाण्यात ठेवले की ते चामड्यासारखे मऊ पडते आणि नखाने उभे चिरून हव्या त्या रुंदीचा बंद काढता येतो. सुताचा दोरा कोवळ्या देठात रुततो, सोपट चपटे असल्याने रुतत नाही. ओल धरून ठेवण्याचा गुणही त्यात आहे. काम झाले की ते मातीत कुजून खत होते. नायलॉनची दोरी त्याच्यापेक्षा कितीतरी टिकाऊ, पण कोवळ्या वेलीला ती कापते आणि वर्षानुवर्षे वाडीत तशीच पडून राहते.

सोपटाची चार कामे सांगण्यासारखी आहेत. पहिले पानवेलीचे. केळवे-माहीमच्या पानमळ्यात वेलीला आधार लागतो, सावली लागते आणि वाढेल तसतसे तिला दर थोड्या अंतरावर बांधावे लागते. बंद सैल राहिला तर वेल घसरते, आवळला तर काचते. बोटांना तो अंदाज यायला एक हंगाम जातो. दुसरे काम सुकेळ्यांचे. आगाशीकडे पिकलेली राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात सुकवतात, रोज संध्याकाळी आत घेतात, सकाळी पुन्हा पसरतात आणि मधाच्या रंगाची झाली की वाळलेल्या सोपटात गुंडाळून बांधतात. केळीचे फळ केळीच्याच वेष्टनात बाजारात जाते.

तिसरे काम फुलांचे. ते सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण घाईत ते डोळ्यांना दिसतच नाही. चिरलेल्या सोपटाचे एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्यात अडकवतात. दोन फुले उजवीकडे तोंड करून, दोन डावीकडे, अशी देठाला देठ लावून धरतात. सोपट देठांवरून एकदा फिरवतात, पडलेल्या फासातून टोक काढून ओढतात आणि लगेच पुढची चार फुले घेतात. गाठ अशी कुठेच मारलेली नसते, प्रत्येक फास पुढच्या फासाने धरलेला असतो. सवयीचा हात हे करताना खाली बघतही नाही. आज शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या या मंडपात ज्या मुलींनी शेवंतीचे गजरे माळले आहेत, त्यांपैकी निम्मे तरी घरीच गुंफलेले असावेत. फुले किती जवळजवळ बसली आहेत, यावरून ते ओळखता येते.

चौथे काम कलमांचे. चिकूचे भेटकलम खिरणीच्या रोपावर करतात. दोन्ही झाडांच्या फांद्यांवरून सारख्या लांबीची साल काढायची, उघडे भाग एकमेकांना टेकवायचे आणि घट्ट बांधायचे. सालीखालचा जिवंत थर दुसऱ्याच्या थराशी जुळला, तर काही आठवड्यांत दोन्ही एक होतात. घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बागा अशाच कलमांवर उभ्या आहेत. आता बांधायला प्लास्टिकची पट्टी वापरतात, पूर्वी सोपट वापरत. शास्त्राचा भाग एवढाच. बाकीचे सगळे हातात असते, आणि हात कुठे तयार होतात, ते सांगणे अधिक गरजेचे आहे.

ते शाळेत तयार होतात. या शाळेच्या मागच्या बाजूला पूर्वी विहीर होती आणि तिच्या पाण्यावर वाफे होते. शनिवारचे शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे असत. पाचवीची मुले वाफा करत, सहावी-सातवीची खराटा बांधत, आठवीची झाप विणत. खराट्यासाठी गळून पडलेली माडाची झावळी घ्यायची, प्रत्येक पातीच्या दोन्ही कडा सुरीने सोलून मधला हीर काढायचा, हिरांचे बुडखे एका पातळीत आणायचे आणि आवळून बांधायचे. खराटा बांधणे सोपे वाटते; पण बुडखे सारखे आले नाहीत, तर तो आठ दिवसांत सुटतो. झापासाठी झावळीचा देठ मधोमध उभा चिरायचा, दोन्ही अर्ध्या पाण्यात भिजवायच्या आणि पाती एक वर, एक खाली अशा विणत शेंड्यापर्यंत जायचे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच झापांनी वाफ्यांजवळची खोपी शाकारली जाई. पहिल्या पावसात ती गळली, तर कुठल्या मुलाचा झाप, ते सगळ्या वर्गाला ठाऊक असे.

पहिल्या रांगेत उजवीकडे बसलेल्या बाई तेव्हा हा तास घेत. सरीची रेघ वाकडी गेली तर त्या रागावत नसत; वाफा मोडून पुन्हा करायला लावत. एका मुलाला त्यांनी एकाच दुपारी तो चार वेळा करायला लावला. चौथ्या वेळी पाणी पाटातून शेवटच्या रोपापर्यंत न अडता गेले. तो मुलगा आज या व्यासपीठावर उभा आहे आणि पाण्याची ती शेवटची वळणे त्याला अजून दिसतात. बाईंनी त्या वेळी शाबासकी दिली नाही, फक्त ‘आता जा घरी’ म्हटले. ती शाबासकीच होती, हे कळायला पुढची पुष्कळ वर्षे लागली.

हा तास शाळेत आला, त्याला मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात कार्यानुभवाचा आग्रह धरला. पालघर जिल्ह्यात तर याचे उदाहरण घरचेच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कार्य अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे विकत आणलेली साधने नव्हती. शंख-शिंपले, बिया, गवत, माती यांवर मुले मोजायला आणि जुळवायला शिकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, त्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ बसून शिकावे. दहा दिवस थोडे आहेत. बोटांना सोपटाचा अंदाज यायलाच एक हंगाम लागतो.

म्हणून एक गोष्ट ठामपणे मांडावी लागते. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी प्रत्येक मुलाने आणि मुलीने एक तरी वस्तू बीपासून वापरापर्यंत स्वतःच्या हातांनी न्यावी. विकत आणलेल्या साहित्याची शोभेची वस्तू या हिशेबात धरू नये. जिचा कच्चा माल स्वतः लावला, वाढवला, काढला, सुकवला आणि जी घरात कोणीतरी रोज वापरते, अशी वस्तू हवी. शेजारच्या वर्गात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनात सुबक वस्तू पुष्कळ आहेत; त्यांत थर्माकोल आणि रंगीत कागदाच्या वस्तू जास्त, वाडीतून आलेल्या थोड्या. एका कोपऱ्यात सहावीतल्या कोणाची तरी सोपटाची चुंबळ आहे. ती किंचित तिरकी आहे, पण तिच्यावर भरलेली कळशी खरोखर ठेवता येते. प्रदर्शनातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती आहे.

बी ते वापर हा प्रवास जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत आजही एका वाद्यात पाहायला मिळतो. तारपा हे वाद्य. जव्हार-विक्रमगडकडे परसातला लांबट भोपळा वेलीवरच जून होऊ देतात, सुकवून आतून पोकळ करतात, त्याला बांबूच्या नळ्या बसवतात, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा लावतात आणि सांधे मेणाने बुजवतात. भोपळ्याचा आकार वेलीवर असतानाच ठरतो. वाद्य करणारा माणूस तेव्हापासून त्याच्यावर नजर ठेवून असतो. वारली चित्रांचेही तसेच. भिंतीला शेण आणि गेरू, रंगाला तांदळाचे पीठ, कुंचल्याला चावून मऊ केलेली काडी. लग्नघरात बायका काढत असलेल्या या चित्रांतून पुढे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जग गाठले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. दूर जपानमध्ये ओकिनावा बेटावरच्या किजोका गावात केळीच्या एका जातीच्या धाग्याचे बाशोफु नावाचे तलम कापड विणतात आणि जपानने ते राष्ट्रीय वारसा म्हणून जपले आहे. एडवणच्या वाडीत पडलेला बुंधा आणि तो धागा एकाच कुळातले आहेत.

बारावीनंतर इथली बहुतेक मुले सफाळ्याला गाडी पकडतात. केळवे रोड, मग पालघर. तिथे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय. कोणी पुढे उमरोळी ओलांडून बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागते. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले, तेव्हापासून ते गाव वेगाने शहर होत चालले आहे. खोल्या लहान झाल्या, अंगण गेले. पहाटेच्या गाडीत मात्र वाडीतली भाजी, पाने, फुले घेऊन मुंबईकडे निघालेल्या बायका अजून असतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी त्यांच्या पाट्यांकडे जरा नीट पाहावे: अळूच्या जुड्या, तोंडल्यांचे वाटे, केळीच्या पानांचे गठ्ठे. प्रत्येक जुडी कोणीतरी अंधारात उठून बांधलेली असते, आणि पुष्कळदा सोपटानेच.

शहरातल्या खोलीत विहीर नसते, वाफा नसतो. खिडकीत एक कुंडी मावते. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की आठवड्याभरात मुळे फुटतात, मग ती मातीत लावता येते; मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाताशी येते. तुटलेले बटण स्वतः लावणे, फाटलेल्या दप्तराला टाके घालणे, सायकलचे पंक्चर काढणे हे सगळे त्याच शिक्षणातले धडे. वसतिगृहात ज्याला हे येते, त्याच्या दाराशी दर रविवारी कोणी ना कोणी उभे असते. त्या मुलाची ओळख लवकर होते आणि ती टिकते.

पहिल्या रांगेतल्या आज्यांकडून शिकण्याजोगे अजून पुष्कळ आहे. त्यांच्यापैकी काही जणी मातीच्या मडक्यात कोनफळ, रताळी आणि वालाच्या शेंगा रचून उकडहंडी लावतात. मडक्याच्या तोंडाशी कुठला पाला कसा कोंबायचा, हे कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेले नाही. बियांसाठी कुठले फळ वेलीवर राखायचे, त्या बिया राखेत घोळवून किती दिवस सुकवायच्या, हे त्यांना तोंडपाठ आहे. नातवंडांनी या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून ते वहीत उतरवून घ्यावे आणि एक वाफा त्यांच्या देखरेखीखाली करावा. सरीची रेघ वाकडी गेली तर पुन्हा करावा.

कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या पंगतीआधी अर्धा तास आहे. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, विहिरीच्या जुन्या जागेजवळ, एका बादलीत सकाळपासून सोपट भिजत ठेवले आहे. शेजारी शेवंतीची टोपली आहे आणि बाई तिथे बसणार आहेत.