प्रवाशाची काटकसर आणि यजमानाची कणगी



चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेसाठी नांदेड, परभणी, हिंगोली या भागांतून जे यात्रेकरू येथे येतात, त्यांच्या सामानाकडे आपण नगरवासीयांनी फारसे लक्ष दिलेले नाही. पिठाची गाठोडी, डाळ, तिखटमीठ, तवा, परात आणि तेलाची बाटली एवढा सरंजाम घेऊन ही कुटुंबे झरपट नदीच्या आसपास मुक्काम टाकतात, तीन दगडांची चूल मांडतात, आणि गावच्या बाजारातून जळण व भाजीपाला यांपलीकडे फारसे काही विकत न घेता देवीचे दर्शन करून परत जातात. या माणसांना काटकसरीचे शास्त्र कोणी शिकविलेले नाही. परंतु भाड्याचा खर्च टाळता येत नाही, जेवणाचा मात्र घरूनच आटोक्यात आणता येतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले आहे. त्यांच्या या व्यवहारात आणखी एक गुण आहे, तो मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी वाचविलेला पैसा त्यांच्याच तरतुदीतून आणि त्यांच्याच श्रमांतून वाचलेला असतो. त्यासाठी दुसऱ्या कोणाचा घास कमी झालेला नसतो.

प्रवासातील अन्नखर्चाचा विचार करताना हा दुसरा गुण आपण सहसा हिशेबात धरीत नाही. स्वस्त जेवण मिळाले म्हणजे खर्च वाचला, एवढ्यावर आपण संतुष्ट होतो. तो खर्च खरोखर नाहीसा झाला की केवळ दुसऱ्याच्या माथी गेला, हे विचारीत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांत तर हा प्रश्न पदोपदी उभा राहतो, कारण येथे प्रवासी बहुधा यजमानापेक्षा सधन असतो.

प्रथम सोप्या भागाचा विचार करू. मूल, चामोर्शी, आरमोरी यांसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या किंवा एस.टी. स्थानकाच्या परिसरात ज्या खानावळी असतात, त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे तारखेला आलेले पक्षकार, बदलीवर आलेले शिक्षक, एस.टी.चे चालक आणि वाहक. हे लोक उद्या पुन्हा येणार असतात, आणि म्हणूनच खानावळवाल्याला वाटेल तो भाव लावता येत नाही, शिळे वाढता येत नाही. उलट जेथे प्रत्येक गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येते, तेथे भावाला आणि चवीला असा कोणताच लगाम राहत नाही. ताडोबाच्या प्रवेशद्वारांपाशी उभ्या राहिलेल्या विश्रामगृहांत जेवण महाग का, याचे अर्धे उत्तर येथेच आहे. उरलेले अर्धे असे, की खोली आणि तिन्ही वेळचे भोजन एकाच रकमेत बांधून दिल्यामुळे आपण जेवणाचे किती दिले हे पाहुण्याला कळतच नाही. तेव्हा खोलीचा दर निराळा विचारावा, आणि मोहर्ली, कोलारा या बाजूंच्या गावांतून एखाद्या घरी भात, वरण, भाजी आणि जवसाची चटणी रांधून मिळत असेल, तर तेथे जेवावे. येथे काटकसर आणि न्याय एकाच ताटात येतात, कारण ज्या गावाने वाघाच्या शेजाराचे सगळे भय सोसले, त्याच गावाच्या चुलीवर तो पैसा पोहोचतो.

जेवणाची वेळ आणि जागेचे धान्य या दोन गोष्टी पाळल्या, तर खर्च आपोआप उतरतो. सकाळी चण्याची तर्री घातलेले पोहे, दुपारी मुख्य जेवण, आणि रात्री हलके काही, असा येथील क्रम आहे. हा धानाचा मुलूख असल्यामुळे भात येथे मुबलक. चार पदार्थांची परप्रांतीय यादी मागणाऱ्याला पैसे अधिक पडतात आणि अन्नही निकृष्ट मिळते. सिरोंच्याकडे तेलुगू भाषेबरोबर इडली-डोशाचा प्रघात आहे, तेथे तेच खावे. आठवडी बाजार तर प्रवाशाची खरी कोठी होय. चैत्र-वैशाखात तेथे चारं, टेंभरं अशी रानफळे पानांवर मांडलेली दिसतात, आणि मुरमुरे-फुटाण्यांवर एक वेळ सहज निभावते.

परंतु आमच्या भागात उन्हाळ्याच्या प्रवासात अन्नापेक्षा पाणीच महाग पडते, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जाणाऱ्या या प्रदेशात बाटलीबंद पाणी विकत घेत हिंडणारे कुटुंब दिवसाअखेर एका जेवणाइतकी रक्कम केवळ पाण्यावर घालविते. पूर्वी फिरकीचा तांब्या आणि छागल यांवाचून कोणी घर सोडीत नसे. आज निदान एक मोठे भांडे बरोबर घेऊन पाणपोईवर किंवा मुक्कामी भरून घेणे अवघड नाही. याच उन्हामुळे शिदोरीचाही विचार निराळा करावा लागतो. रसभाजी आणि भिजवलेला भात दुपारपर्यंत आंबून जातो. दशम्या, सातूचे पीठ, जवसाची कोरडी चटणी, गूळ, शेंगदाणे आणि कांदा एवढी सामग्री दोन दिवस निर्धास्त टिकते.

आता आलापल्लीपलीकडचा भाग. येथून रस्ते फुटतात : एक एटापल्लीकडे, एक भामरागडकडे, एक सिरोंच्याकडे. रेल्वे तर गडचिरोली जिल्ह्यात आजवर वडशापुरतीच पोहोचलेली. भामरागडच्या वाटेवर दाट जंगलाचे असे टप्पे लागतात, की ज्यांवर पैसा असूनही अन्न विकत मिळत नाही; आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन रस्ता तुटला, म्हणजे प्रवासी जेथे असेल तेथेच अडकतो. या प्रदेशातील माडिया माणूस तुंब्यात जावा, म्हणजे धान्याची पातळ आंबील, भरून घेतो आणि निघतो. त्यात अन्नही आहे आणि पाणीही आहे. त्याला ना चूल लागते, ना दुकान. प्रवासातील भोजनाची याहून अल्पखर्ची आणि याहून हवामानास अनुरूप व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

आणि येथेच, श्रोतेहो, ज्या गोष्टीसाठी मी आज उभा राहिलो तिच्यापाशी येतो. या मुलखात एके काळी असा एक प्रवासीवर्ग होऊन गेला, की ज्याचा अन्नखर्च जवळजवळ शून्य असे. तो वर्ग म्हणजे दौऱ्यावरचे अंमलदार आणि त्यांचा लवाजमा. साहेबाचा तळ पडला, की कोंबड्या, अंडी, दूध, तांदूळ, जळण यांची रसद गावाने पुरवावी, वेठीने सामान वाहावे, आणि मोबदला मिळालाच तर नाममात्र मिळावा, अशी ही वहिवाट होती. विल्फ्रिड ग्रिगसन या सनदी अधिकाऱ्याने मध्यप्रांत-वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नावरील १९४४ सालच्या आपल्या ग्रंथात या वेठबिगारीचा आणि रसदीचा मुद्दाम विचार केला आहे. सरकारी दफ्तरात त्या दौऱ्यांचा खर्च थोडा दिसत असेल. तो भरला होता गोंड-माडियांच्या कणगीतून. ती वहिवाट कायद्याने गेली, परंतु तिची सवय गेली आहे, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पाहणीला, अभ्यासाला, छायाचित्रणाला, पर्यटनाला येणारे आपण सुशिक्षित लोक एखाद्या गोंडी पाड्यावर उतरतो, घरधनीण असेल नसेल ते शिजवून वाढते, आणि परत आल्यावर आपण अभिमानाने सांगतो, की चार दिवसांत जेवणाला एक पैसा लागला नाही. त्या माउलीचे औदार्य निखालस खरे आहे. त्या औदार्याची किंमत मात्र आपण आपल्या काटकसरीत जमा करतो, याची मला लाज वाटते.

वाचलेला खर्च दुसऱ्याच्या माथी गेला का, हीच कसोटी मी शिवभोजन थाळीलाही लावतो. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या या योजनेत दहा रुपयांत दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण मिळते. उरलेली किंमत शासन सोसते. मजुराला, रुग्णाच्या नातेवाइकाला, गावाहून कामासाठी आलेल्या गरिबाला ही थाळी मोठा आधार आहे, आणि तसा प्रवासी असेल त्याने ती निःसंकोच घ्यावी. परंतु प्रत्येक केंद्रावर थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असते. वाघ पाहण्यासाठी हजारो रुपये मोजणारा जेव्हा त्या रांगेत उभा राहतो, तेव्हा रांगेच्या शेवटचा कोणी तरी उपाशी परततो. रेल्वेच्या काही स्थानकांवर वीस रुपयांत पुरी-भाजीची पुडी मिळते. तिच्यावर संख्येचे असे बंधन माझ्या ऐकिवात नाही, तेव्हा घाईच्या प्रवाशाने ती अवश्य घ्यावी.

मग पाड्यावर जेवू नये काय? जेवावे, नाकारणे हाही अपमानच आहे. परंतु शिजविलेल्या अन्नाचे पैसे हातावर ठेवणे तेथे अनेकांना रुचत नाही, म्हणून आपला शिधा आपणच न्यावा. आलापल्लीच्या बाजारात तांदूळ, डाळ, तेल, मीठ, हळद, कांदे, आपल्या माणसांना पुरून दोन वेळांचे उरतील इतके घ्यावेत, पोहोचताच ते घरात द्यावेत, आणि सर्वांनी एकत्र बसून खावे. विकतच्या जेवणापेक्षा हे स्वस्तच पडते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत तर हा नियम मुळीच मोडू नये. त्या महिन्यांत जुने धान संपत आलेले असते, नवे शेतात उभे असते, आणि अनेक घरे वास्त्यांवर, म्हणजे बांबूच्या कोंबांवर, आणि रानभाज्यांवर दिवस काढतात. त्या काळातला पाहुण्यापुढचा भात हा बहुधा मुलांच्या ताटातला असतो.

ज्यांना सवड निवडता येते त्यांनी कार्तिकानंतर निघावे. तेव्हा धान घरात आलेले असते, गावोगाव मंडई भरते, वडशाच्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीत रात्रभर नाटके करीत हिंडतात, आणि घरोघरी सोयरेधायरे उतरलेले असतात, त्यामुळे एक पान अधिक वाढताना कोणाची ओढाताण होत नाही. बाजारात नवा तांदूळ स्वस्त असतो, पाणी कमी लागते, शिदोरी अधिक टिकते, आणि भामरागडचा रस्ताही मोकळा असतो. पावसाळ्यातच जाणे प्राप्त असेल, तर पर्लकोटा आपणांस आठवडाभर थांबवील असे धरूनच शिधा बांधावा.