चाकांवरच्या घरातील वीज

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत मोटारीमागे जोडलेली लहान लहान घरे रस्त्यांवरून जाताना दिसतात. त्यांना तेथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत निजण्याची सोय, चूल, दिवे, शीतकपाट, सारे काही असते. असे घर आज डोंगरात तर उद्या समुद्रकाठी. मग त्याला वीज मिळते कोठून?

या घरात विजेच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था नांदत असतात. पहिली १२० व्होल्टची. मुक्कामाच्या तळावरील विजेच्या खांबाला घर जाड केबलने जोडले की वातानुकूलन यंत्र आणि भिंतीवरील प्लग चालू होतात. पुष्कळ घरांची जोडणी ३० अँपिअरची असते. १२० ला ३० ने गुणले म्हणजे ३,६०० वॅट. तिची मर्यादा एवढीच. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि विजेची शेगडी एकाच वेळी लावली, तर बहुधा ब्रेकर पडतो. नवखा माणूस चकित होतो तो यानंतर. कारण छतावरचे दिवे तसेच जळत राहतात!

हे दिवे दुसऱ्या व्यवस्थेवर, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. पाण्याचा पंप, गॅसवरील उबयंत्राचा पंखा आणि गॅसगळतीची सूचना देणारे यंत्रही तिच्यावरच. तळावरील वीज मिळत असता कन्व्हर्टर नावाचे यंत्र तिचे रूपांतर १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात करते व बॅटरीही भरते. रानात मुक्काम पडला की मात्र बॅटरीतील साठ्यावरच भागवावे लागते.

हा साठा फार मोठा नसतो. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरतात. म्हणजे हाती ५० राहिले. उबयंत्राचा पंखा ८ अँपिअर घेत असेल आणि थंडीच्या रात्री एकूण ५ तास फिरला, तर त्यातले ४० एका रात्रीत संपतात.

एवढ्यावरच हा हिशेब थांबत नाही. त्या बॅटरीवर जिवाची सुरक्षितताही अवलंबून असते. मोटार व घर यांमध्ये एक बारीक पोलादी दोर असतो. वाटेत जोड निसटला, तर त्या दोराने एका स्विचमधील खीळ ओढली जाते आणि घराची स्वतःची बॅटरी त्याच्या चाकांचे विद्युत्ब्रेक लावते. बॅटरी रिकामी असेल, तर हे वजनदार घर ब्रेकांवाचून भर रस्त्यात धावत सुटेल.

म्हणून निघण्यापूर्वी जाणता प्रवासी बॅटरीचा दाब मोजतो. पूर्ण भरलेली, स्वस्थ असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या आसपास आली की तिला भरावयास हवे. मग मोटारीशी असलेली विजेची जोडणी काढून तो ती खीळ क्षणभर उपसतो, चाके अडतात की नाही हे पाहतो व ती लगेच परत बसवितो. काम पाच मिनिटांचे; पण त्याच रस्त्याने जाणारे अनोळखी प्रवासीही त्यामुळे सुखरूप राहतात.