मोळीखालचा खांदा



आपली डॉक्टरांची परिषद युसूफ वडगावात आणि विषय खांद्यात द्यायच्या पीआरपीचा, म्हणजे प्लेटलेट्सनी समृद्ध प्लाझ्माच्या सुईचा, ही निवड मला मनापासून पटली. दसरा झाला की इथल्या केज तालुक्यातल्या कोयत्यांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की परततात आणि त्यांचे खांदे आपल्या ओपीडीत येतात. उसाची मोळी डोक्यावर, तोल सावरायला हात वर आणि पायाखाली ट्रकला लावलेली फळी. हात वर गेला की दंडाच्या हाडावरून जाणारी सुप्रास्पायनेटसची कंडरा वरच्या हाडाखाली दाबली जाते. रोज, महिनोन् महिने हेच. मग एखादी बाई सांगते, "डॉक्टर, वेणी घालाया हात मागं जात नाही, रात्री त्या कुशीवर निजता येत नाही."

प्रत्येक जण सांगतो, "खांदा धरलाय." पण ती कंडरा सुजलेली असेल, अर्धवट किंवा पूर्ण तुटलेली असेल, मधुमेहामुळे सांधा जाम झाला असेल, किंवा दुखणं मानेतून उतरत असेल. एक्स-रेत कंडरा दिसत नाही. हातानं नीट तपासणं आणि सोनोग्राफी, एवढं झाल्याशिवाय पीआरपीचा विषयच काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपचार दिसायला साधा आहे. रुग्णाचंच रक्त घ्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो. त्यातला प्लेटलेट्सनी समृद्ध भाग सोनोग्राफीत बघत दुखऱ्या कंडरेपाशी सोडायचा. डेंग्यूमुळे प्लेटलेट्स आपल्याकडे घरोघरी माहीत झाल्या. रक्त थांबवण्याबरोबरच त्या जखम भरून येण्याला चालना देणारे घटक सोडतात, आणि सगळी आशा त्यांच्यावर आहे.

आशा खोटी नाही, पण पुरावा एकमुखी नाही. २०१३ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी खांद्याच्या ४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी, आणि व्यायाम सगळ्यांना. वर्षानं दोन्ही गट सुधारले होते, फरक नव्हता. उलट, अर्धवट तुटलेल्या कंडरेत काही महिन्यांनंतर पीआरपी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरल्याचे अभ्यासही आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र आराम बहुधा स्टेरॉइडनं जास्त पडतो. शिवाय पीआरपी म्हणून दिलं जाणारं सगळीकडे सारखं नसतं. प्लेटलेट्स किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, हे किटप्रमाणे बदलतं. आणि पूर्ण तुटून मागे सरकलेली कंडरा सुईनं जुळत नाही, हे रुग्णाला सुईआधी सांगायला हवं.

आता आपल्या माणसाचा विचार करा. या सुईनंतर काही दिवस दुखणं वाढतं. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण त्या प्लेटलेट्सच्या कामात आडव्या येतात. नंतर काही आठवडे ओझं नको, आणि हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम हवा. ज्यानं मुकादमाकडून उचल घेतली आहे, ज्याचा एकेक खाडा कापला जातो आणि जो रोज गोळी खाऊन फडात उतरतो, त्याला ऐन हंगामात ही सुई देऊन काय साधणार? द्यायचीच तर पावसाळ्याच्या तोंडावर द्या. पुढे तीन-चार महिने हातात असतात. पैशांचंही उघड बोलू. फी भरायला नवी उचल घ्यावी लागणार असेल, तर आधी व्यायाम आणि विश्रांती. त्यानं भागलं नाही, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी लिहून द्या.

हे मी बीड जिल्ह्यात बोलतो आहे, म्हणून जास्त कळकळीनं बोलतो. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे इथल्या ऊसतोड महिलांची पाहणी आली. ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. विश्रांती परवडत नाही अशा बाईला झटपट इलाज सुचवणं किती सोपं असतं, हे या जिल्ह्यानं सोसलं आहे. खांद्याची सुई तेवढी घातक नाही, पण मोह तोच आहे.

या मोहाला आवर घालायचा तर नोंदी ठेवायला हव्यात. खांद्यातली तुटलेली कंडरा शिवण्याचं काम ज्यांनी आरंभी केलं, त्या बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांचा आग्रह होता की प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं, हे डॉक्टरनं शोधून काढावं आणि जाहीर करावं. त्यापायी सहकाऱ्यांचा रोष त्यांनी पत्करला. आपल्याला हे अशक्य नाही. सुईआधी हात किती वर जातो, रात्री झोप लागते का, मोळी उचलवते का, एवढं एका वहीत लिहा. तीन महिन्यांनी आणि वर्षानं तेच पुन्हा विचारा. माणूस कारखान्यावर असेल तर फोनवर विचारा. प्लेटलेट्स किती दिल्या, किट कोणतं, पुन्हा कामाला कधी लागला, तेही लिहा. पुढच्या परिषदेत या वह्या घेऊन या आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांच्या नोंदी आधी वाचा.